चेअरमनबाईंची टाळी

कानात बोलणं चेअरमनबाईंना देवानं दिलंच नव्हतं. गुपित सांगायचं झालं तरी त्या माणसाला बाजूला घेत, पदर तोंडाशी धरत आणि मग कवठे येमाईच्या अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होत. गावच्या दूध संस्थेच्या त्या एकेकाळी चेअरमन होत्या. पद जाऊन जमाना झाला, पण फोन उचलला की पहिलं वाक्य तेच, "चेअरमन बोलतीय. बोला." मी यवतची, म्हणून मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी कायमची "यवतकर".

त्यांच्याकडे मी गेले ती शेवंतीचा मळा मागायला. मला सिनेमा करायचा होता, दोन बायकांच्या प्रेमाचा. मी आणि वंदना कारेगावात एकत्र राहतो, ती तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. गोष्ट आमच्याच जगण्यातून आलेली, आणि ती मला शिरूर-दौंडकडच्या माणसांत, इथल्याच बोलीत करायची होती. निर्माता नव्हता, कॅमेरा उसना होता, काम करणारे सगळे मित्र. इथल्या लोकांनीच दार लावलं, तर सिनेमा कुणासाठी करायचा, हाच घोर होता.

स्टँडवरच्या टपरीत मी अगदी हळू आवाजात त्यांना गोष्ट सांगितली. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि गरजल्या, "म्हंजी दोघी पोरींचं लव्ह हाय व्हय पिच्चरमधी?" उभ्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाजती काय यवतकर? कुणाची चोरी केली का? घे मळा. फकस्त वाफे तुडवायचे न्हाईत."

मळा दिला म्हणजे सिनेमाही आपलाच, असा त्यांचा समज झाला. माझ्याआधी त्याच "कट" म्हणत. कॅमेरा कुठंही लावा, कोपऱ्यात चेअरमनबाईंचा पदर हजर. नायिकेला साडी नेसवणं, कॅमेरामनला पिठलं-भाकरी खाऊ घालणं आणि मला झापणं ही कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. एकदा वैतागून मी म्हणाले, "बाई, दिग्दर्शक मी आहे ना?" त्या म्हणाल्या, "व्हय की. म्हणून तर तुला सांगतीय."

सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हळदीकुंकवाचा होता. जमलेल्या बायका नायिकेला नाव घ्यायचा आग्रह करतात आणि ती उखाण्यात नवऱ्याचं नाही, जिच्यावर तिचं प्रेम आहे त्या रेखाचं नाव घेते. बायका एकदम गप्प होतात, असं मी लिहिलं होतं. पण गोष्ट तोवर गावभर झालेली, चेअरमनबाईंच्या आवाजाची कृपा! कबूल झालेल्या बायका एकेक करून मागे सरल्या. बायकाच नाहीत तर प्रसंग नाही, आणि प्रसंग नाही तर सिनेमा नाही. मी हातपाय गाळून बसले.

चेअरमनबाई उठल्या आणि दारोदार फिरल्या. मी मागे होते, म्हणून ऐकलं. "मालक गेल्यापास्नं खऱ्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलं न्हाई. पिच्चरमधल्याला मी जाणार हाय. माझ्यासंगं कोण येतंय, बोला." दुपारी ओसरी बायकांनी भरली. मधोमध, हिरव्या साडीत, चेअरमनबाई.

मी लिहिलेला उखाणा त्यांनी वाचून घेतला आणि नाक मुरडलं. "ह्याला उखाणा म्हणत्यात? ही तर मीटिंगची नोटीस झाली." मग त्यांनीच नायिकेकडून नवा घोकून घेतला. कॅमेरा सुरू झाला, बायकांनी "नाव घ्या, नाव घ्या" लावलं आणि पोरीनं मान वर करून म्हटलं,

"कुकडीच्या पाण्यावर फुलला शेवंतीचा मळा,
रेखाचं नाव घेते, तिचाच मला लळा."

आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या! जन्मभराची सवय, यमक कानावर पडलं आणि हात आपोआप उठले. नाव बाईचं आहे हे नंतर ध्यानात आलं. मग त्या एकमेकींकडे बघून पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. सगळ्यात मोठी टाळी चेअरमनबाईंची, आणि हसणंही. "चुकलं व्हय गं?" त्यांनी कॅमेऱ्यात बघूनच मला विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "उखाणा जुळला की टाळी पडतीच. नाव कुणाचं का असंना." मी लिहिलेली शांतता मी त्याच क्षणी खोडली. सिनेमात आहे ती हीच टाळी, आणि तिचा मला माझ्या साऱ्या कामापेक्षा जास्त अभिमान आहे.

सिनेमा शिरूरच्या एका मंगल कार्यालयात दाखवायचं ठरलं तेव्हा त्यांचा पुतण्या आला. तो निवडणुकीला उभा होता. "काकीचा तेवढा भाग कापा. भावकीत नाचक्की व्हती." मी काही बोलायच्या आत चेअरमनबाई कडाडल्या, "मला काप म्हणतो? मग मतं मागताना माझं नाव बी घेऊ नगंस. चेअरमनबाईचा पुतण्या म्हणूनच तर तुला लोक वळखत्यात." पुतण्या आला तसा गेला. भाग राहिला.

कार्यालयात त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि शेजारणीला सिनेमाभर समजावून सांगत राहिल्या. सुटल्यावर दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांनी वंदनाचा आणि माझा हात धरला. "रविवारी जेवाय या. जोडीनं या." हा शब्द आम्हा दोघींसाठी तोवर कुणीही वापरला नव्हता. वंदना रडली. मीही रडले.

मागच्या हिवाळ्यात चेअरमनबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता आणि घरात काकीचा एकही हसरा फोटो नव्हता. "तुमच्या पिच्चरमधला द्या. त्यो टाळीचा." त्या चित्रात त्यांच्या खांद्याला खांदा लावून आमची नायिका बसली आहे. मी विचारलं, "बाजूचं कापून पाठवू?"

तो म्हणाला, "नगं. काकीनं कापू दिलं नसतं."