जाग्या हाताची मूठ

गल्लीत तिला सगळे मूठवाली म्हणायचे. गॅलरीत, गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर कुंड्या मांडून घरापुरती भाजी पिकवणाऱ्यांसाठी ती हत्यारं घडवायची. अरुंद पात्यांची खुरपी, तीन दातांचे पंजे, रोप मुळासकट उचलायची चपटी पळी. पाती लोहाराकडून यायची, मूठ मात्र ती ज्याची त्याला वेगळी करायची. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा ठेवायची आणि म्हणायची, "धरा. गळा आवळू नका तिचा, नुसतं धरा."

गोळ्यावर उमटलेली बोटं बघून ती पेरूच्या लाकडातून तशीच मूठ कोरायची. वाळलेले गोळे भिंतीवरच्या फळ्यांवर राहायचे. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत आलं की लाकडाचा भुसा हवेत तरंगायचा आणि सगळ्या गल्लीच्या मुठी तिथे डुलकी घेत पडल्यासारख्या वाटायच्या. पोस्टमनची सैल, शिंपीणबाईंची चिमटीएवढी, आणि समोरच्या मास्तरांची इतकी आवळलेली, की जणू कुणी खडू पळवायलाच टपलंय.

"माझा गोळा सगळ्यात खाली का?" मास्तर विचारायचे.

"जड आहे म्हणून."

"गोळा की मी?"

"मास्तर तुम्ही. उत्तर तुम्हीच काढा."

वरच्या फळीच्या टोकाला एक जागा रिकामी होती. ती तिच्या लेकीची. छापखान्याच्या यंत्रात लेकीचा उजवा हात सापडला, तेव्हापासून बोटं आकड्यासारखी वाकून राहिली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात रोज कामात ठेवा, नाहीतर आखडत जाईल. पण लेकीनं तो कुर्त्याच्या खिशात घातला तो घातलाच. गॅलरीतल्या तिच्या टोमॅटोच्या कुंड्यांत आता नुसत्या वाळक्या काड्या होत्या. मूठवाली कणीक मळताना, कपडे वाळत घालताना त्या खिशाकडे बघायची. गल्लीभरच्या लोकांना बिनदिक्कत "धरा" म्हणणारी ती, पोटच्या पोरीला मात्र म्हणू शकत नव्हती.

एका दुपारी लेक कोचावर वाचता वाचता झोपली. हात खिशातून निसटून कोचाच्या कडेला लोंबत होता, आणि झोपेत बोटं अलगद उलगडली होती. पूर्वीसारखी. मूठवाली पावलं न वाजवता आत गेली, गोळा भिजवून आणला आणि त्या तळव्यात हळूच टेकवला. लेक झोपेतच काहीतरी पुटपुटली, लहानपणी पुटपुटायची तशी.

मग कितीतरी दुपारी ती त्या मुठीत हरवून गेली. पटाशी, कानस, मग तेलाचा बोळा. कोरता कोरता तिला दिसायचं, गॅलरीत टोमॅटो कठड्यापर्यंत चढलेत, पानांचा हिरवा वास घरभर फिरतोय आणि लेक मातीनं माखलेल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारतेय. मूठ इतकी मऊ झाली की हातातून खाली ठेववेना.

"धरून बघ ना," शेवटी मुठीला खुरप्याचं पातं बसवून ती म्हणाली.

लेकीनं खिशातून हात काढला. बोटं लाकडाला टेकली, घसरली, आणि खुरपं फरशीवर पडलं.

"हा माझा हात नाही, आई. कधी घेतलास ठसा?"

"तू झोपली होतीस तेव्हा."

"न विचारता? आणि झोपेत कुणी माती उकरतं का गं? जागी असले की हात हा असा असतो. बघ ना! बघतच नाहीस तू!" तिनं मातीच्या घमेल्यात तोच हात खुपसला, सापडला तो गोळा ओढून काढला आणि दारावर फेकला. धप्प आवाज झाला.

मूठवाली गोळा उचलायला वाकली आणि तशीच राहिली. दोन बोटांच्या खोल खाचा. अंगठा आडवा, पार भलत्याच जागी. आणि तळव्याच्या मुळाशी केवढा दाब! हा हात धरत नव्हता, अडकवत होता. आणि ढकलत होता.

"मी इथे चिडलेय आणि तू माती काय बघत बसलीस?"

"अगं थांब, वाळायच्या आत बघू दे. इथे मूठ नकोच मुळी. कडी हवी. बोटं नुसती आत अडकवायची, जोर सगळा तळव्याचा."

लेक, अजून रागातच, वाकून बघायला लागली. "आणि अंगठा कुठे जाणार?"

"ते तूच सांग."

लेकीनं हात पुढे केला.

कडीचं खुरपं पहिल्यांदा बेतलं तेव्हा टोचलं, दुसऱ्यांदा सैल झालं. मूठवाली रंधत राहिली, लेक नावं ठेवत राहिली. शेवटी एका सकाळी गॅलरीतून कुंडीतली माती खरवडल्याचा आवाज आला. थांबून थांबून, पण आला. मूठवालीनं मुद्दाम मान वर केली नाही.

मास्तर आपला पंजा धार लावायला घेऊन आले होते. त्यांची नजर वरच्या फळीच्या टोकाला गेली.

"हा कुणाचा हो? केवढा चुरगळलेला!"

मूठवालीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत गॅलरीतून लेक म्हणाली, "माझा आहे, मास्तर. आणि तुमच्यापेक्षा वर ठेवलाय."