चिंध्यांचा दंड

आखातातल्या अल मनखूलमध्ये मीनाक्षीचं शिवणाचं दुकान होतं. तयार नऊवारी शिवण्यात त्या भागात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण शिवणापेक्षा जास्त डोकं तिला चिंध्यांसाठी घालावं लागे. कापड साध्या कचऱ्यात टाकलं तर दंड, अशी इमारतीला नोटीस आली होती. त्यामुळे सुती वेगळं, जरीचं वेगळं अशी पोती बांधून ती रिसायकलिंगच्या गाडीची वाट बघत बसायची. ड्रायव्हर फोनवर ‘इन्शाल्ला’ म्हणायचा आणि गाडी यायची नाही.

गणपती तोंडावर आले होते. ती एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेलेली असताना तिचा नवरा यतीन दुकानात डोकावला. पोत्यांनी वाट अडवलेली. बायकोला तेवढीच मदत, म्हणून त्याने सगळी पोती खालच्या मोठ्या कचरापेटीत टाकली आणि तिला मेसेज केला, ‘दुकान चकाचक!’

पोत्यांत तिच्या दुकानाची लेबलं होती. पालिकेचा इन्स्पेक्टर ती हातात घेऊनच दारात उभा राहिला आणि दंड ठोकून गेला.

“विचारायचं तरी होतंस!” ती नवऱ्यावर ओरडली.

“अगं, चिंध्याच होत्या ना? तू टेन्शन नको घेऊ. अपील मी करतो.”

यतीन ‘मी करतो’ म्हणाला की तिचं काम दुप्पट व्हायचं. पण हातात दहा साड्या अर्धवट होत्या. तिने सोडून दिलं.

मग एका सकाळी इमारतीत झाडलोट करणारी मरियमबी झाडू न घेताच दाराशी आली. “दीदी, कंपनीवाले पूछ रहे हैं. मैंने कब फेंका?”

यतीनने अपिलात लिहिलं होतं, पोती सफाईवालीने चुकून टाकली.

“नाव कुठे घातलंय मी?” तो संध्याकाळी म्हणाला.

“सफाईवाली एकच आहे, यतीन! तिची नोकरी गेली तर व्हिसाही जाईल.”

“बाबा, दॅट्स नॉट ओके,” मोबाईलमधून मान वर न काढता त्यांची मुलगी रुचा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षी त्याला ओढतच पालिकेत घेऊन गेली. अपील करणं सोपं होतं, मागे घेणं महाकठीण. काउंटरवाल्याने सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरला पाठवलं, टायपिंग सेंटरने काउंटरला. शेवटी एक अधिकारी भेटला.

“मॅडम, शायद दंड माफ हो जाएगा. वापस क्यों ले रही हो?”

“झूठ लिखा है. पोती इसने फेंकी.”

अधिकाऱ्याने यतीनकडे पाहिलं. यतीन फरशी बघत होता.

“वजह क्या लिखूँ?”

“हज्बंड लिखो.”

दंड भरला. गणपतीची सगळी कमाई त्यात गेली. “माफ झाला असता गं,” यतीन गाडीत पुटपुटला. तिने रेडिओचा आवाज वाढवला आणि गाडी सरळ सफाई कंपनीच्या ऑफिसकडे घ्यायला लावली. तिथल्या सुपरवायझरला यतीननेच सगळं सांगायचं, असं तिने बजावलं. त्याने सांगितलं. सुपरवायझर “खलास”, म्हणजे विषय संपला, म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलू लागला.

मरियमबीची नोकरी राहिली. ती रोज येते, कोपरे पहिल्यासारखेच लख्ख झाडते. पूर्वी रोज घ्यायची तो चहा मीनाक्षी पुढे करते, तेव्हा मात्र “अभी नहीं, दीदी,” म्हणून जिन्याकडे वळते.