हनुवटीकाकूंची पहिली लेन्स

हनुवटीकाकू हे नाव त्यांना कोणी ठेवलं माहीत नाही, पण चुकीचं ठेवलं नाही. खुर्चीत माणूस टेकतो न टेकतो तोच काकू म्हणायच्या, "हनुवटी खाली." या-बसा नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. हनुवटी खाली, खांदे सरळ, झालं, उठा.

रस्त्याकडच्या खोलीत स्टुडिओ, पडद्यामागे घर. स्टुडिओतला कॅमेऱ्याचा स्टँड काकूंच्या यजमानांनी फार पूर्वी स्क्रू मारून जमिनीला पक्का केला होता. बायको गोंधळ घालेल ही भीती. जाडा माणूस आला की खुर्ची मागे सरकायची, लहान मूल आलं की पुढे यायची. कॅमेरा जागेवर, काकू जागेवर, आणि जग त्यांच्यासमोर पुढेमागे होत राहिलं. बाहेरची कामं यजमानांची. समारंभ, कारखान्यांचे कार्यक्रम, शंभर-शंभर माणसांचे ग्रुप फोटो. त्यांच्या बॅगेला काकूंनी कधी हात लावला नाही.

गृहस्थ नकार देण्यात पटाईत. नवा पडदा घेऊ या का? नाही. बहिणीकडे चार दिवस जाऊन येऊ का? नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि जाताना तोंडात एकच शब्द ठेवून गेली: "हां." खिडकी लावू का? हां. मग उघडू का? हां. उभ्या जन्मात ऐकायला न मिळालेला होकार काकूंना आता तासातासाला मिळत होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

काकू रडल्या नाहीत. भरवत होत्या, पुसत होत्या, कुशीवर वळवत होत्या. भूक लागायची, पण काय जेवलो ते ताट उचलेपर्यंत विसरलेलं असायचं. भेटायला येणारे म्हणायचे, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा. आतलं काही चालूच नव्हतं, एवढंच.

त्यातच स्टुडिओतल्या कॅमेऱ्याने मान टाकली. परगावच्या मुलीने नवा डिजिटल कॅमेरा पाठवला, पण नुसताच, लेन्सशिवाय. लेन्स ज्याची त्याने हाताळून घ्यावी, हे बापाचं वाक्य तिला पाठ होतं. बापाच्या जुन्या लेन्सना बुरशी धरलेली, आणि त्या याला बसतही नव्हत्या. त्याच आठवड्यात नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाईंचा फोन आला. प्रमाणपत्रांच्या समारंभाचे फोटो दरवर्षी यजमान काढत.

"काकू, तुम्ही करणार असाल तर काम तुमचंच," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा. एकदा दुसरा फोटोवाला आला की तोच दरवर्षी येणार, हे तुम्हालाही कळतं."

काकूंना कळत होतं. पासपोर्टचे फोटो लोक आता भिंतीसमोर उभे राहून फोनवर काढतात. बाहेरचं हे एकच काम टिकून होतं. ते गेलं की शटर ओढायचं आणि पडद्यामागे जाऊन बसायचं, ते कायमचं.

"करते," काकू म्हणाल्या. दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणावं तशा.

लेन्सचा दुकानदार यजमानांचा जुना दोस्त, बडबड्या. त्याने काचेवर मखमलीचं फडकं पसरून तीन लेन्स मांडल्या.

"भाऊजी, एकच घ्यायची आहे," काकूंनी आधीच बजावलं. "स्टुडिओत चालली पाहिजे, हॉलमध्येही चालली पाहिजे, ग्रुपही मावला पाहिजे."

"वहिनी, असा जावई शोधताय का?"

"जावई मिळाला. त्यात पण हे सगळं नव्हतं. तुम्ही लेन्स दाखवा."

पहिली छोटी होती, पन्नास मिलिमीटरची, झूम नसलेली. चेहऱ्याला झकास, पण ग्रुप घ्यायचा तर मागे सरकत सरकत हॉलच्या बाहेर जावं लागेल, असं तो म्हणाला. ती बाद झाली. दुसरी अठरा ते दोनशे. रिंग फिरवली की जवळचं, लांबचं, सगळं हजर. "फक्त उजेड कमी पडला की हिला दिसेनासं होतं." तिसरी सतरा ते पन्नास, हाताला वजनदार. मंद उजेडात चालते, ग्रुप मावतो. पण लांबचं ओढून आणत नाही.

"मग मी काय करायचं?"

"काय करणार, चालत जायचं. आमचा मित्र काय करायचा?"

आमचा मित्र काय करायचा ते काकूंनी कुठे पाहिलं होतं? त्यांना दोनशेवाली आवडली. एका जागी उभं राहून सगळं होत असेल तर भटकायचं कशाला? तरी दुकानदाराने दोन्ही लेन्स पिशवीत घातल्या. वापरून बघा, समारंभाच्या आधी एक परत आणा, म्हणाला.

घरी येऊन काकूंनी दोनशेवाली यजमानांच्या डोळ्यांसमोर धरली.

"अहो, ही घेऊ का?"

"हां."

दुसरी धरली. "की ही?"

"हां."

काकू दोन्ही हातांत दोन लेन्स घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. ज्या माणसाला यातलं सगळं कळत होतं तो समोर होता, आणि त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं. हे वाईट आहे, असा विचार मनात आला. वाईट मात्र वाटलं नाही. त्यांनी यजमानांची बाही सरळ केली आणि लेन्स पिशवीत ठेवल्या.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. शेजारीण पलंगापाशी बसली आणि काकू दोन्ही लेन्स घेऊन हॉलवर गेल्या. हॉल लांबलचक, पडदे जाड, उजेड काय तो स्टेजवर, तोही पिवळट. काकूंनी पाठीमागच्या भिंतीला, बटणांच्या फळ्याखाली जागा धरली, दोनशेवाली चढवली आणि रिंग फिरवली. स्टेजवरची मुलगी सरकन डोळ्यासमोर आली. काकू मनात म्हणाल्या, काम फत्ते. मग काढलेला फोटो पाहिला. चेहऱ्याच्या जागी ओल्या साबणाची वडी. पुन्हा काढला, श्वास रोखून. पुन्हा वडी.

लेन्स बदलली. आता फोटो स्वच्छ आला, पण मुलगी काडेपेटीतल्या काडीएवढी.

मग काकूंनी तेच केलं जे जन्मभर केलं होतं. हात वर करून आवाज दिला, "बाळ, जरा पुढे ये."

मुलगी पुढे आली.

"अजून थोडी."

अजून आली. हातात खोटं प्रमाणपत्र म्हणून धरलेली वर्तमानपत्राची सुरळी.

"अजून ये. ये, ये."

मुलगी स्टेजच्या काठावर, बुटांची टोकं हवेत. मागच्या मुली फिदीफिदी हसायला लागल्या. काकूंचा डोळा कॅमेऱ्याला, हात अजून बोलावतोच आहे.

"काकू," बाजूच्या खुर्चीवरून मेट्रनबाई म्हणाल्या, "आता ती पुढे आली की सरळ हाडांच्या वॉर्डात. तुम्हीच जा की तिच्याजवळ."

काकूंनी कॅमेरा खाली घेतला. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. एवढंच लक्षात आलं, की इथे खुर्ची सरकणार नाही. एक तर मागच्या भिंतीला टेकून वड्या काढायच्या आणि काम घालवायचं, नाहीतर एवढ्या लोकांच्या डोळ्यांदेखत पुढे जायचं. समारंभभर, प्रत्येक मुलीसाठी, भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या आडवं.

त्या निघाल्या. खुर्च्यांच्या मधून, कोणाच्या पायावर पाय देत, "सरका, सरका" करत. स्टेजखाली पोचल्यावर मुलगी चौकटीत मावली. ओठाच्या कोपऱ्यात तापाचा फोड, कॉलरचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं.

"प्रमाणपत्र देणारे पाहुणे कुठून हात पुढे करणार?" काकूंनी विचारलं.

"डावीकडून," मागोमाग आलेल्या मेट्रनबाई म्हणाल्या.

"मग मला उजवीकडे जावं लागेल. इथली पहिली रांग रिकामी ठेवा."

"तिथे संचालक मंडळ बसतं."

"त्यांना दुसऱ्या रांगेतूनही दिसेल."

मेट्रनबाईंनी खुर्च्या उचलायला सांगितल्या.

येताना काकू दुकानात शिरल्या आणि दोनशेवाली काचेवर ठेवली.

"अहो वहिनी, तुमच्यासाठी हीच सोयीची होती. जागचं हलायला नको."

"हॉलमध्ये उजेड नाही. दुसरी ठेवली. आणि एक गळ्यात घालायचा पट्टा द्या. स्टँडला लागत नव्हता."

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. काकू वाकल्या, गुडघ्यावर बसल्या, जिन्याच्या कठड्याला धरून ग्रुप घेतला. एका संचालकाला "डोकं बाजूला घ्या" म्हणाल्या, आणि त्याने घेतलं. फोटो काही उत्तम नव्हते. बरेचसे ठीक होते, पाच-सहा चांगले. मेट्रनबाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चार पाहिले, मान हलवली आणि पुढच्या वर्षाची तारीख कळवते म्हणाल्या. काकू "बरं" म्हणाल्या. आनंद झाला का, कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

हॉल रिकामा झाल्यावर त्या स्टेजच्या पायरीवर बसल्या आणि चपला काढल्या. पाय ठणकत होते, टाचेपासून पोटऱ्यांपर्यंत, चांगलेच. त्यांनी अंगठ्याने तळवा दाबून पाहिला. दुखलं. जरा थांबून दुसराही दाबून पाहिला.