सगळ्या मराठवाड्याचे बैल

परतूरच्या वाचनालयात मी माझा लेख वाचला की टाळ्या पडायच्या. पत्रकं वाचत वाढलेला मी. जुलूम, गुलामी, उठा, पेटा, हे शब्द हाताशी तयारच असायचे. म्हणून पेरणीच्या तोंडावर जवळच्या खेड्यातला एक शेतकरी अर्ज लिहून घ्यायला आला, तेव्हा मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. कुणा सरकारी साहेबांच्या दौऱ्यासाठी त्याची गाडी आणि बैल वेठीला धरून नेले होते, ते परत आले नव्हते. त्याला बैल हवे होते. मी दोन पानं लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

"लई जोरात झालंय, दादा," तो म्हणाला. "पर माह्या बैलाचं आलं का त्याच्यात?"

"सगळ्या मराठवाड्याच्या बैलांचं आलंय."

अर्ज उर्दूतच लागायचा. तहसिलीबाहेर निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीसांनी माझी पानं वाचली. "बेटा, बैल कोणत्या रंगाचे? कोणत्या दिवशी नेले? नेणारा कोण?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"जुलूम तर मी इथं बसून रोज बघतो. ह्या जुलमाला शिंगं कशी हायेत, ते सांग."

शेतकरी पुढं सरकला. "एक कोसा हाय, चाचा. मंगळवारी गेल्ते..."

मी त्याला थांबवलं. माझं एक वाक्यही बदलायचं नाही, असं अर्जनवीसांना बजावलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं जसंच्या तसं उर्दूत उतरवलं.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. तपशील नाही, एवढाच शेरा.

मग मी अर्जनवीसांपुढे बसलो. त्यांनी मला शेतकऱ्याला एकेक गोष्ट विचारायला लावली, चारदा खोडायला लावलं. शेवटी सात ओळी उरल्या. तो अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी बैल आले. कोशा बैलाचा खांदा सुजला होता आणि रानातला पेरणीजोगा वाफसा निघून गेला होता.

सरकारची भाषा म्हणून उर्दू टाळत आलेला मी, त्यानंतर रोज सकाळी निंबाखाली जाऊन बसू लागलो. वाचनालयातले मित्र म्हणाले, "कारकून होतोस का रे?" ते ऐकून घेता आलं.

शेतकरी मात्र आभार मानायला आला. "तुमच्यामुळं बैल सुटले, दादा." पेरणीचं विचारलं तर खाली बघत म्हणाला, "निम्मं रान पडीत राह्यलं. चालतंय."

त्याचं पहिल्याच दिवशी ऐकलं असतं तर ते रान पेरून झालं असतं, हे मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.