जुगाराच्या पेटीचा मिस्त्री

यंत्राकडे कुणाचा हात गेला की तो स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्या हातावर हाणायचा. आधी हाणायचा, मग बोलायचा. "पहिले कान, मग डोळे, सगळ्यात शेवटी हात." हे तो त्याच्या सुरिनामी हिंदीत म्हणायचा. त्याचे आजे-पणजे उसाच्या कामाला बिहारकडून सुरिनामला नेलेले, आणि तो तिथून अ‍ॅमस्टरडॅमला आलेला. माझी हिंदी इचलकरंजीची. प्रेमानं बोलायला दोन्ही कमी पडल्या असत्या, भांडायला भरपूर होत्या. त्याचं बोलणं मी इथं मराठीतच लिहितो.

मला तो माणूस आवडला नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी रुमाल काढून बसायला नको.

माझं शिक्षण चौथी. चाळीस वर्षं लूमचा, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, जॉबर होतो. बंद पडलेला लूम मी चालू केला नाही असं कधी झालं नाही. बायको गेल्यावर मुलानं इथं अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात आणलं. मुलगा-सून दोघं कामाला जायची आणि मी सातव्या मजल्यावरून मेट्रो बघत बसायचो. चांगल्या हाताचा माणूस नुसता बसवला की गंजतो. सून एकदा म्हणाली, "बाबा, खाली गॅरेजात एक काका मशीन खोलून बसलेले असतात. हिंदी बोलतात. जाऊन तरी बघा."

गॅरेजात गाडी नव्हती, जुगाराच्या जुन्या पेट्या होत्या. बाजूला दांडा. तो ओढला की आत तीन चाकं फिरतात, एकेक करून थांबतात, आणि तीन सारखी चित्रं आली की खाली नाणी पडतात. कॉम्प्युटर वगैरे काही नाही. चाकामागे तांब्याच्या ठिपक्यांची तबकडी असते. चाक थांबलं की पितळेची बोटं त्या ठिपक्यांवर टेकतात आणि कुठलं चित्र आलं ते विजेला कळतं. मग रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, खटखट करत एकमेकाला निरोप देतात. एवढं मी पहिल्या दिवशी नुसतं बघून ओळखलं.

त्यानं विचारलं, तू कोण? म्हटलं, लूमचा जॉबर.

"लूम म्हणजे म्हैस," तो म्हणाला. "ही पेटी म्हणजे घड्याळ."

"म्हशीनं आमचं गाव पोसलं. तुझ्या घड्याळानं किती घरं बुडवली?"

"माझी पेटी तोंडावर लुटते. तुझा मालक कसा लुटायचा?"

त्या रागात दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशीही.

पहिल्या आठवड्यातच माझ्या हातून तेलाची चूक झाली. लूमवाला सकाळी आल्या आल्या तेल घालतो, मगच चहा घेतो. मिस्त्री बाहेर गेला होता. मी एक पेटी उघडी बघितली आणि तिला तेल घातलं, चाकांना, तबकड्यांना, सगळ्याला. या पेट्यांत ते विष. तेलावर धूळ बसते आणि वीज अडते. पुढचे दोन दिवस तो पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन एकेक ठिपका पुसत होता आणि मला शिव्या देत होता. पॉलिश पेपर पुढे केला तर तोही हाणून पाडला, ठिपक्यांवरचा मुलामा जातो म्हणे.

"मी दारातून ओरडलो, थांब म्हणून. बहिरा आहेस का?"

मी एक पट्टी उचलून ठिपका पुसायला लागलो. लूमनं माझे कान केव्हाच खाल्लेत. घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला वाटायचं, बाबा हट्टानं ओ देत नाहीत. हट्टी म्हटलेलं मला चालतं.

त्याला मात्र ते कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्यासमोर येऊन बोलायला लागला. आवाज चढवला नाही, फक्त समोर यायचा. शिव्या द्यायलासुद्धा चार पावलं चालून यायचा.

मग पालिकेचं पत्र आलं. गॅरेजं पाडणार होते. त्यानं पेट्या एकेक करून देऊन टाकल्या, एक राहिली. एनस्खेडे गावचा एक शौकीन ती न्यायला येणार होता, पण नीट चालली तरच. नाहीतर भंगारात. आणि तिच्यात खोट होती. चाकांवर तीन घंटांची चित्रं यायची आणि नाणी पडायची नाहीत. हा नऊ दिवस डोळे मिटून पेटीला कान लावून बसला. तोंड उतरलं. मी म्हटलं, मला बघू दे.

"बहिऱ्याला?"

तुम्ही लूमच्या शेडमध्ये उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लूमला टेकवायचो आणि मूठ दातात धरायचो. आवाज जबड्यातून आत येतो. तसंच मी एकेका रिलेला टोक लावत गेलो, तो दांडा ओढत राहिला. सहावा रिले उशिरा सुटत होता. थोडासाच, पण सुटेपर्यंत वेळ निघून जायची.

"हा," मी म्हटलं.

त्या रिलेची स्प्रिंग थकली होती. ती मिस्त्रीनं बदलली. तीन घंटा आल्या आणि नाणी धो धो पडली. शाबास म्हणाला नाही. माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मूठ साबणानं धुतली.

शनिवारी तो शौकीन आला. दांडा ओढून ओढून बघितला, खूश झाला, मग आम्हा दोघांकडे बोट फिरवून काहीतरी विचारलं. दुरुस्ती कुणी केली, एवढं मला डच न येताही कळलं. मी ताठ उभा राहिलो. कुणीतरी एकदा म्हणावं, या माणसाला काम येतं, एवढंच मला हवं होतं. कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

मिस्त्रीनं आपल्या छातीवर हात ठेवला. "इक."

इक म्हणजे मी. तो शब्द मला येतो.

मी तसाच वर आलो. माफी मागायला तो वर येईल म्हणून चार दिवस थांबलो. आला नाही. मग सुनेला म्हटलं, "पेटी मी दुरुस्त केली, हे डचमध्ये कसं म्हणतात?" तिनं शिकवलं. मी खिडकीपाशी उभा राहून घोकलं. त्याला त्याच्याच गॅरेजात, शेजारीपाजारी ऐकतील असं ऐकवणार होतो.

आठव्या दिवशी खाली गेलो. गॅरेज रिकामं. बाजूला राहणारी सुरिनामचीच, हिंदी बोलणारी एक बाई भेटली. म्हणाली, सोमवारी इथंच कोसळला, दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. आजार जुना होता, त्यानं कुणाला कळू दिलं नाही. मुलगी येऊन सामान घेऊन गेली.

सून म्हणाली, "बाबा, आता माफ करून टाका त्यांना."

मी नाही केलं. माफ केलं की विषय संपतो. ते डच वाक्य मी रोज एकदा खिडकीपाशी म्हणतो. सून म्हणते, उच्चार आता पुष्कळ सुधारलाय.