बाटलीतल्या समुद्राची पूजा

माझी पुतणी गोव्याला समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करते. पाणी तापलं किंवा त्यातलं मीठ कमी झालं, की ते जीव काय करतात, हा तिचा विषय. तिचे वडील, म्हणजे माझे दादा, हिंगोलीत हळदीची आडत चालवतात. डोळ्यांना दिसत नाही त्या मालाचा भाव कसा करायचा, ही त्यांची अडचण. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. म्हणून यंदा ती ते जीवच बाटलीत घेऊन आली, सोबत सूक्ष्मदर्शक. ते जीव जिवंत असताना बाबांनी एकदा बघावेत, एवढंच तिला हवं होतं.

इथल्या शाळेला खबर लागली. आमच्याकडे कशालाही नुसतं बघता येत नाही. आधी उद्घाटन लागतं. प्रमुख पाहुणे दादाच, कारण शाळेला माईक त्यांनीच दिलेला. साक्षात समुद्र आलाय म्हटल्यावर जलपूजन ठरलं. बाटलीला हार घातला. दादांनी कौतुकानं आपल्या आडतीतली हळद उघड्या बाटलीत सोडली, वर तांब्यातलं पाणी ओतलं. पुतणी “बाबा, थांबा!” म्हणाली, ते टाळ्यांत बुडालं.

सूक्ष्मदर्शकाखाली काहीच हलत नव्हतं.

“मेले का गं?” दादांनी विचारलं. माईक चालूच होता.

“माहीत न्हाई, बाबा. तकलीफ झाली की हे शेपट्या टाकून देतात, गोल होतात अन् तळाला बसतात. सोसेल असं पाणी मिळालं तर उठतात.”

“अन् न्हाई मिळालं तर?”

तिनं हार काढला आणि बाटलीला झाकण लावलं.

घरी येऊन तिनं तळाचा गाळ जपून काढला, गोव्याहून सोबत आणलेल्या समुद्राच्या स्वच्छ पाण्यात सोडला आणि बाटली खिडकीत ठेवली. दिवसभर दादा आडतीवरून फोन करत होते. “उठले का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक थेंब काचेवर घेतला, बघितलं आणि बाजूला सरकली. दादा चष्मा कपाळावर सारून वाकले.

“एक फिरून राहिलं,” ते हळूच म्हणाले. “भोवऱ्यावानी. काहून गं असं फिरतं?”

ती सांगू लागली. चहा निवला. तेवढ्यात शाळेचा शिपाई आला. कालच्या उद्घाटनाच्या समारोपाला प्रमुख पाहुण्यांना बोलावलं होतं.

दादांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. “सांगा त्यांना,” ते म्हणाले, “पाहुणे कामात हायेत.”