सावळ्याचं तंगूस आणि माझी पाटी

सावळ्याबद्दल मी आजवर शंभर जणांना तरी सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी सांगताना स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आहे. आता लिहिताना तेवढं जमणार नाही. मुळशी धरणाच्या काठच्या एका वाडीवर मी बावीस वर्षं शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी भरल्या घरात जीव रमत नाही, म्हणून दर आठवड्याला एसटीनं तिथं जाते आणि दिसेल त्याला काहीबाही शिकवत सुटते. खोडच आहे ती, जात नाही.

सावळ्या त्याच वाडीचा. पन्नाशीच्या आसपासचा, अंगानं काटक, बोलायला महाकंजूष. मधासाठी झाडांवर चढायचं, मिळेल तेव्हा मजुरीला जायचं आणि उरलेल्या वेळात धरणात गळ टाकून बसायचं, हा त्याचा दिनक्रम. गळाला जी बारीक नायलॉनची दोरी लावतात, तिला आमच्याकडे तंगूस म्हणतात. ती पाण्यात दिसत नाही, गवतात दिसत नाही, आणि कुजायचं तर नावच नाही.

त्याची मुलगी राणी चार वर्षांची असताना एकदा काठावर खेळून लंगडत घरी आली. लिलाबाईनं, म्हणजे सावळ्याच्या बायकोनं, पाय धुतला, हळद लावली. करंगळीत रुतलेला दोरा कुणाला दिसलाच नाही. चौथ्या दिवशी बोट काळंनिळं झालं आणि दवाखान्यात ते काढून टाकावं लागलं. तंगूस कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. त्या काठावर तेव्हा एकटा सावळ्याच गळ टाकायचा.

त्या दिवसापासून त्यानं एकच गोष्ट धरली. "माज्या दोऱ्यानं पुन्यांदा कुनाचा पाय जायचा न्हाई," असं तो मला शाळेच्या पायरीवर बसून म्हणाला होता. तुटलेलं तंगूस तो कधी जमिनीवर टाकायचा नाही. घरी न्यावं तर रांगती पोरं, पुरावं तर डुकरं उकरतात. म्हणून जुन्या चपलेचा निळा तुकडा कापायचा, त्याला खाच पाडायची, तंगूस त्याच्यावर गुंडाळायचं आणि काठावरच्या झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवायचं. गुरांच्या पायांपासून लांब, पोरांच्या हातांपासून लांब. तेरा-चौदा वर्षं त्यानं हे न चुकता केलं.

मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! मी त्याला शाळेत बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? काठावरच्या जुन्या रायवळ आंब्याखाली मी स्वखर्चानं पाटी रोवली. हळूहळू वाडीतले सगळे तसंच करायला लागले. शनिवार-रविवारी महागडे गळ घेऊन पुण्याहून येणारे हौशी लोकही पाटी वाचून तुटलेली दोरी वर भिरकावायला लागले. बावीस वर्षांत माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

गेल्या महिन्यात गणपती झाले, पावसानं उघडीप दिली आणि माझा भाचा इंद्रजित बावधनहून ड्रोन घेऊन आला. त्याला धरणाचं पाणी टिपायचं होतं. मी म्हटलं, पाणी सगळेच टिपतात, तू माझी पाटी घे, वरून तो आंबा घे. माझाच हट्ट. ड्रोन आंब्याच्या शेंड्याजवळ गेला, घर्रकन आवाज झाला आणि पंखे थांबले. पडलाही नाही. पानांत कुठेतरी तसाच लोंबकळत राहिला.

इंद्रजितचा चेहरा रडवेला झाला. सावळ्याला निरोप धाडला. तो आला, बरोबर राणीही आली. ती आता उरवड्याच्या एका कंपनीत कामाला जाते, त्या दिवशी तिला सुट्टी होती. सावळ्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक राणीच्या हातात दिलं आणि पायऱ्या चढाव्यात तसा वर गेला.

"दादा, सांभाळून हां, त्याचे पंखे नाजूक आहेत," इंद्रजित खालून म्हणाला.

"घावलं," वरून आवाज आला. मग काहीच नाही. एवढी शांतता की मला वाटलं, नाग-बिग दिसला की काय.

"काय झालं रे, सावळ्या?"

"बाई, तुमी वर बगू नगा."

असं म्हटल्यावर कोण बघणार नाही? मी चार पावलं मागं सरकले, चष्मा पुसला आणि वर पाहिलं. शेंड्याजवळ बगळ्यांची घरटी होती, हे मला ठाऊक होतं. घरट्यांखाली काहीतरी पांढरं हलत होतं, तेही पाहिलं होतं, कितीदा तरी. वाऱ्यानं अडकलेल्या पिशव्या असतील म्हणून सोडून दिलं होतं. त्या पिशव्या नव्हत्या.

"हितं बगळं टांगल्यात," सावळ्या म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "फाशी दिल्यावानी. धा-बारा तरी हायेत. काय जुनी, निसती पिसं ऱ्हायल्यात."

राणीनं दोर इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. वर सावळ्या एकेक फांदी बाजूला करत सांगत होता, आणि ते ऐकवत नव्हतं. बेचक्यातलं तंगूस पाखरांनी काडी समजून उचललं होतं. घरट्यांत विणलं होतं. पिल्लं त्यातच वाढली, आणि उडायच्या दिवशी बाहेर झेपावली ती पायाला किंवा मानेला दोरा घेऊन. ड्रोनचे पंखेही त्याच दोऱ्यांनी आवळले होते.

"कुणाचं असेल? पुण्याच्या लोकांचंच असणार," मी ओरडले. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

वरून एक वस्तू माझ्या पायाशी येऊन पडली. चपलेचा निळा तुकडा, त्याला खाच.

मग तो उतरायला लागला. मध्येच त्याचा हात सुटला, दोर ताणला, राणी किंचाळली आणि आम्ही तिघांनी मिळून दोर धरला. खाली आला तेव्हा त्याचा तळवा तंगुसानं सुरीनं कापावा तसा चिरला होता. दुसऱ्या हातानं त्यानं सदऱ्यातून एक बगळ्याचं पिल्लू काढलं. जिवंत होतं. पायाला दोऱ्याचे वेढे बसले होते आणि पुढचं एक बोट काळं पडलं होतं.

राणीनं मांडी घालून पिल्लाला पदरात घेतलं आणि बापाच्या सुरीनं एकेक वेढा कापायला लागली. सावळ्या तिच्या पायाकडे बघत होता, पिल्लाकडे नाही. मी या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मी जपलं," तो म्हणाला. "लई जपलं, बाई. रोज जपलं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुझा दोष नाही. पण मग दोष कुणाचा, ते मला कळून चुकलं होतं. त्याचं तंगूस एका माणसाचं होतं. काठावरच्या प्रत्येक झाडावर ते चढवलं होतं मी.

"दादा, ड्रोन..." इंद्रजित हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ दे वर. त्यो काय मरतोय व्हय? आदी बाकीची झाडं बगायची हायेत."

इंद्रजितनं खिशातून फोन काढला आणि वनखात्याचा नंबर शोधायला लागला.

सावळ्यानं चिरलेल्या हाताला फडकं गुंडाळलं आणि पाटीसमोर जाऊन उभा राहिला. त्याला वाचता येत नाही. त्या पाटीवर आपलं नाव आहे, एवढंच त्याला माहीत होतं.

"काय लिवलंय, येकदा वाचा बरं."

वाचणं भाग होतं. "तुटलेलं तंगूस जमिनीवर टाकू नका. सावळ्यादादांसारखं झाडावर अडकवा." शेवटचे दोन शब्द माझ्या तोंडातून कसेबसे बाहेर पडले.

तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पाटी उपटून पाण्यात फेकेल. मीच पुढं होऊन म्हटलं, "सावळ्या, उद्याच काढून टाकते. तुझं नाव आधी पुसते."

"नगं. नाव ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "झाडावर अडकवा म्हनलंय त्येवडं पुसा, तितं झाडावरनं काडा म्हनून लिवा. कुनी इचारलं कोन सावळ्या, तर मी सांगीन."

मी मान हलवली. तेवढ्यात राणीनं पिल्लावरची नजर वर केली. तिला पहिलं अक्षर मीच गिरवायला शिकवलं होतं.

"खाली बारीक अक्षरात तुमचं बी हाय, बाई," ती म्हणाली. "त्ये तुमी वाचलं न्हाई."

खरंच नव्हतं वाचलं. मी पाटीजवळ गेले, वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझं नाव वाचलं.

"त्ये बी ऱ्हाऊ द्या," राणी म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.